कंबरेतली लाइन

वर्ध्याच्या दवाखान्यात पालथं निजवलं मले.
डॉक्टरीण म्हणे, "काका, आधी थोडा करंट सोडते,
झिणझिण्या नेमक्या कुठे येतात ते सांगा."
हासूच आलं.
एकतीस वर्सं खांबावर चढलो, बाई,
सप्लाय हाये का नाई
हे उलट्या हातानं समजे.

"तठीच," म्हटलं, "तठीच राह्यते कळ."

मंग सुईच्या टोकावर ऐंशी डिग्री.
नव्वद सेकंद.
पडद्यावर माहा मनका,
पऱ्हाटी उपटल्यावरच्या वावरावानी करडा.
रेडिओच्या लहरी म्हनत होते.
गानं काई आयकू आलं नाई.

एक नस जाळली. फक्त निरोप नेनारी.
"झीज आहे तिथेच आहे, काका,
आणि नस पुन्हा वाढते, वर्ष-दीड वर्षात."
समजलं.
डीपीतला फ्यूज काढला,
गाव हाये तठीच हाये.

तिसऱ्या हप्त्यात, सकायी,
भरलेली बादली ओट्यावर ठेवली
अन् मंग आठोलं,
आता दुखाले पाह्यजे होतं.

रातच्यानं शेवंता आली,
जवसाचं तेल कोमट करून,
अकरा वर्साची सवय.
दारातच थबकली.
"आता नाई लागत नं?"
वाटी तशीच हातात.

मी बनियन वर सरकोली, पालथा झालो.
"लाव. लाइन बंद असली तरी
पेट्रोलिंग करा लागते."

तिचा अंगठा, न इचारता,
बरोबर त्याच खांबापाशी थांबला.