मिठाचा रकाना

मूळ खेळात सैन्याला भूकच लागत नाही.
स्पार्टाचे भालाईत पाच पाच वर्षं
अथेन्सच्या वेशीवर उभे,
ना हगवण, ना कुणाचं शेत कापायचं राहिलेलं.

मला ते खुपलं.
खारीगावच्या खोलीत, रात्री दीडनंतर
मी फायलींत धान्य घातलं,
गलबतांना कुजणं,
सुगीच्या महिन्यात माणसांचं गुपचूप घरी पळणं.
खेळ दोनदा कोसळला.
एकदा कॉरिंथची लोकसंख्या उणे चाळीस.

दादा पाण्याला उठले.
जन्म मिठागरात गेला, तळव्यांच्या भेगा अजून तशाच.
स्क्रीनसमोर थांबले.
"येवढी माणसं बोटीतनं चालल्यात,
मावरं खारवायला मीठ कुठनं आणतात?"

सहा पुस्तकं वाचली होती मी.

पहाटेपर्यंत एक रकाना वाढवला.
मीठ : उन्हाळ्यात पिकतं, पावसात विरतं.
किनाऱ्यावर एक आगर, त्याला मालक हवा.
ग्रीक नावांच्या यादीत, ह खाली,
आता हसुराम आहे.

सिसिलीची मोहीम हल्ली
दुसऱ्या हिवाळ्यातच मोडते, कशीही खेळा.
दादांना त्याचं काही नाही.
चहा ओततात बशीत,
विचारतात, "यंदा किती पिकलं?"