कोपर

त्याचा चेहरा विणायला
नायनाला दोन हजार तीनशे पुठ्ठे लागले.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
म्हणजे नीट पाहिलं तर
तो सगळाच भोकांचा होता.
पण हे मी बोलले नाही.
दत्त नगरात त्या महिन्यात
त्याच्याविषयी कुणी साध्या आवाजात बोलत नव्हतं.

पहिला नमुना उतरला तेव्हा
एक पुठ्ठा उलटा लागलेला.
हिरो चकणा.
अम्मा सुपातली तंबाखू बाजूला सारून इतकी हसली
की विड्यांची मोजणी चुकली तिची,
नऊशे चाळीस की नऊशे पन्नास.
नायना हसला नाही.
मूर्तीचा टवका उडाल्यासारखा
रात्रभर पुठ्ठे शिवत बसला.
टॉवेलची ऑर्डर पडून होती.
शेठचा फोन आला की म्हणायचा,
ताणा भरतोय.

नरसय्या चिलवेरी, वय अठ्ठावन्न.
उजवा कान मागाच्या खडखडाटानं नेलेला.
घरात त्याचा एकच फोटो,
रेशनकार्डावरचा,
त्यातही डोळे मिटलेले.

तो आला,
सात रस्त्याला साडीच्या शोरूमची फीत कापायला.
अकराची वेळ होती, साडेतीन वाजले.
एप्रिल.
डांबराला चपला चिकटत होत्या.
पोरं सिग्नलच्या खांबावर चढलेली,
कटआऊटवर दुधाच्या पिशव्या फुटत होत्या,
दूध आमच्याच गल्लीतलं, उधारीचं.
सहा मिनिटं थांबला.
"कसं काय, सोलापूर?" म्हणाला.
आणि सोलापूर,
ज्याला कुणी कधी कसं काय विचारत नाही,
त्याचं रडायचं तेवढं बाकी राहिलं.

नायनानं कापड डोक्यावर धरलं.
एका बाउन्सरनं ते ओढलं,
गुंडाळलं,
डिकीत टाकलं.

रात्री बातम्यांत तीन सेकंद:
कापडावरचा चेहरा, काचेमागचा चेहरा,
'सोलापूरच्या चाहत्याची अनोखी भेट'.
नाव नाही.
डाव्या कडेला फक्त
एक कोपर.
"नायनाचंच!" भाऊ ओरडला,
"तो बघ, डाईंगच्या वाफेचा डाग!"
गल्ली दारात जमली.
मोबाइलवर थांबवून थांबवून
कोपर मोठं केलं,
मग खरं कोपर उजेडात धरून
डागाशी डाग ताडून पाहिला.
कोंड्यालांच्या म्हातारीनं तर
त्याला बोटं टेकवून कपाळाला लावली.
ज्या हातानं चाळीस वर्षं धोटा चालवला
त्याला आजवर कुणी
साधं 'दुखतंय का' विचारलं नव्हतं.

कोपराच्या खाली एक पट्टी सरकत होती.
मी छापखान्यात प्रूफं वाचते,
मला कडेचं आधी दिसतं.
हद्दवाढ भागात पाणी आता सहाव्या दिवशी.
मी म्हटलं, अरे, खाली बघा.
सगळ्यांनी खाली बघितलं,
फरशीकडं.
"काय पडलं?" भाऊ म्हणाला.
पुन्हा पेढे फिरले.

नळ अडीच वाजता आला, रात्री,
कुणाला न सांगता, न कटआऊट लावता.
गल्ली झोपलेली.
आम्हालाही अर्धंच पिंप मिळालं.

हल्ली नायना
बाह्या दुमडूनच बाहेर पडतो.
चहाच्या टपरीवर डावा हात
जरा पुढं ठेवतो.
ओळखतात अजून काही जण.
परवा एका पोरानं विचारलं,
काका, लागलंय का काही?

तो चकणा नमुना अम्मानं
पिंपावर झाकलाय.
वीण घट्ट आहे, डास शिरत नाहीत.
सकाळी ती त्याचा चेहरा उचलते,
आत हात घालते.
काल कोपरापर्यंत घातला की पाणी लागायचं,
आज खांद्यापर्यंत.
काही न बोलता
ती चेहरा परत पसरते, कडा खोचते.
तो तसाच पडून राहतो दिवसभर,
एक डोळा आमच्याकडं,
एक नळाकडं.