समक्ष

तेव्हा कंपनीचे कागद हातानं भरावे लागत.
टिळक रोडला आमचं ऑफिस, दुसरा मजला.
दोघं चपला जिन्यातच काढून आले.
असू द्या म्हटलं, तोवर काढून झाल्या होत्या.

वैजनाथ साखरे. इलाही शिकलगार.
भोसरीत सतरा वर्षं एकाच शेडमध्ये,
एकाच मालकाच्या प्रेसवर.
आता स्वतःची कंपनी, नाव मंजूर झालेलं
तिसऱ्या खेपेला.

मी रोजचं पाठांतर म्हटलं:
नाव, वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय,
सगळं आपापल्या अक्षरात,
खाडाखोड चालणार नाही,
आणि सही पॅनवर आहे तशी.

‘तशी’ म्हणालो
आणि इलाहीनं वैजनाथच्या हाताकडे पाहिलं.
मग मीही.

उजव्या हाताची दोन बोटं
अर्ध्यावर संपत होती.
पॅनवरची सही त्याआधीची:
लांब शेपूट, खाली दोन टिंबं,
लग्न ठरलेल्या पोराची ऐट.
‘बँकेनं दोनदा चेक परत पाठवला,’ तो म्हणाला,
तक्रार नाही, नुसती माहिती.

मी ड्रॉवरमधून टोकन काढलं.
ही तुमची डिजिटल सही. फॉर्मला हीच लागते.
पासवर्ड टाकला की झाली.
तो तळहातावर घेऊन वजन बघत राहिला,
सुटा भाग तपासावा तसा.
‘ही मशीनमध्ये घातली तरी शाबूत राहते,’ इलाही म्हणाला.
क्षणभर कुणीच हसलं नाही.
मग वैजनाथच आधी.

पण शेवटचं पान शाईचंच होतं.
इलाहीनं भरलं, झालं.
वैजनाथनं पेन अंगठा आणि मधल्या बोटाच्या बुंध्यात धरलं,
पत्ता नीट उतरला, पिनकोडसकट,
आणि ‘व्यवसाय’पाशी हात थांबला.
‘कामगार लिहू?’
आता नाही, मी म्हटलं.
‘मग?’
इलाही म्हणाला, ‘धंदा लिही की रे.’
त्या शब्दाला त्याला सहीपेक्षा जास्त वेळ लागला.

तिसरा कागद साधला.
शेपूट आलं, टिंब एकच पडलं.
सही बदलल्याचं प्रतिज्ञापत्र जोडू, मी म्हटलं, होतं काम.

खाली माझी जागा: माझ्या समक्ष सह्या केल्या.
दिवसाला वीस वेळा करतो मी ही सही,
नुसती एक रेघ, वर न बघता.
त्या दिवशी आख्खं नाव लिहिलं.

निघताना त्यानं बिघडलेले दोन कागद मागितले,
घडी घालून खिशात ठेवले.
म्हणाला, बँकेत अजून जायचंय,
घरी गिरवून बघतो.