आखूड

केसरबाग रोडला पाटीदारच्या इटालियनमध्ये
आम्ही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जातो.
खाली टाइल्सचं दुकान, वर हॉटेल.
जिन्यातच लसणाचा वास गाठतो
आणि आई म्हणते, "आला गं, इटलीचा फाटा आला."

पाटीदार महूचा. सात वर्षं जहाजावर होता,
जिनोआच्या बंदरात कुणा बाईच्या हाताखाली
पीठ मळायला शिकला, असं तो सांगतो.
जिनोआ म्हणताना
पोह्यांवर शेव टाकावी तसा
त्याचा हात जरा सढळ होतो.

आमचं टेबल चार नंबरचं, खिडकीशी.
त्याचा एक पाय आखूड आहे.
म्हणून आप्पा दर वेळी निघताना
बिलाची चौघडी करून त्याखाली सारतात.
तरी ते पुढच्या महिन्यात पुन्हा डुगडुगतंच.

आईच्या पर्समध्ये जीरावनची पुडी.
पिझ्झा आला की आधी इकडेतिकडे बघते,
मग अंगारा लावावा तशी चिमूट सोडते.
पाटीदारने तिला पहिल्यांदा पकडलं तेव्हा
वाटलं, आता हा बोलणार.
तो वाकून म्हणाला, "काकी, थोडा इधर भी."

आप्पा वीज मंडळात ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचे.
तेव्हा स्पॅगेटी त्यांची, हक्काची.
काट्यावर अशी वेटोळी घालायचे
की एक टोक सुटं राहायचं नाही.
"वाइंडिंग बघ," हेरंबला म्हणायचे, "ताण सारखा पाहिजे."
हेरंबने कधी बघितलं नाही.
माझी रेवा मात्र त्यांच्याकडून
खायच्या आधी गुंडाळायला शिकली.

मग गेल्या श्रावणापासून उजवा हात.
आधी चहाच्या बशीत आवाज,
मग सहीत. बँकेने चेक दोनदा परत केला.
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं,
ते आम्ही घरात घेत नाही.
नुसतं हात म्हणतो.
आज हात बरा आहे.
काल हाताला झोप नव्हती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी स्पॅगेटी
काट्यावरून तीनदा घसरली,
चौथ्यांदा शर्टावर.
आई पर्समध्ये रुमाल शोधत राहिली,
तिथे तो नाही हे माहीत असून.
हेरंब क्रिकेटचं काहीतरी बोलला.
रेवा म्हणाली, "आबा, वायर सुटली!"
आप्पा हसले. खरंच हसले.
आम्हाला हसावं की नाही ते कळेना,
तोवर सॉस गार झाला होता.

पुढच्या महिन्यात, न मागता, पेन्ने आली.
आखूड, पोकळ, चमच्यात मावणारी.
घनश्यामने बशी ठेवली आणि तो वळलाही.
पाटीदार भट्टीपाशी, आमच्याकडे पाठ करून
हातावरचं पीठ झाडत होता, बराच वेळ.
"स्पॅगेटी?" आप्पांनी मोठ्यानं विचारलं.
"खतम हो गई, काका. माल ही नहीं आ रहा."

शेजारच्या टेबलावर तेवढ्यात
एक पोरगा ओठांनी लांबच लांब स्पॅगेटी
सुर्र करून ओढत होता,
शेवटचं टोक नाकाला लागेपर्यंत.
आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं,
मग पाटीदारच्या पाठीकडे.
"यंदा टंचाईच दिसते," म्हणाले,
आणि चमचा डाव्या हातात घेतला.

तिरामिसू आम्ही घेत नाही.
आईच्या मते ते कॉफीत विसरलेलं बिस्किट.
गोडाला सराफा आहे, रबडी आहे.

बिल आलं. घनश्यामच्या बोटांची सवय,
त्यावर छापलं होतं: स्पॅगेटी, एक.
आप्पांनी चष्मा वर करून वाचलं.
आम्ही सगळे खिडकीबाहेर
कुणाची तरी गाडी निघते का ते बघू लागलो.

त्यांनी चौघडी केली. वेळ लागला.
ती ओळ आतल्या बाजूला जाईल अशी केली,
आणि बुटाच्या टोकाने
पायाखाली ढकलून दिली.