वरची पट्टी

द्वारका सर्कलजवळच्या गोदामात, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे
ते उभं होतं तोंड भिंतीकडे करून,
शिक्षा झालेल्या पोरासारखं.
धात्रक म्हणाला, मॅडम, हात लावायच्या आधी फोटो.
सिन्नरहून टेम्पो घेऊन आला होता तो.
देवळालीचे बिलिमोरिया काका भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले
आणि बाजूचं चित्र पोथीसारखं वाचू लागले:
हा निळा मूळचा. हा लाल नंतर कुणी फासलाय.
स्क्रूसुद्धा मोजले दोघांनी.
अकरा. त्यातला एक नकली.

मला बोलावलं होतं सोल्डरिंगसाठी.
अंबडच्या कारखान्यात एकवीस वर्षं
बोर्डांवर टाके घातलेत मी,
फुगलेला कपॅसिटर लांबून ओळखते.
हे मशीनही ओळखते, असं मात्र बोलले नाही.

नाशिकरोड, बिटको चौकामागचा बोळ,
इम्तियाज कोकणींचं पार्लर.
रुपयात तीन विमानं.
बाबा प्रेसमध्ये. दिवसभर नोटा मोजायचे,
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
आणि घरात एक नाणं सापडायचं नाही.
आपल्या गावात नोटा छापतात गं, नाणी नाही,
म्हणत हेरंब माझ्या रिबिनींच्या डब्यात हात घालायचा.

मुली आत जात नसत.
मी पायरीवर, दुधाची किटली घेऊन,
त्याला जेवायला बोलवायला आलेली.
पडद्याच्या फटीतून दिसायचं:
विमान जागच्या जागी
आणि अख्खं आकाश डावीकडे वाहून चाललेलं,
दगड, गोळ्या, शेवटचा तो खेकडा
ज्याला पोरं हेडमास्तर म्हणत.
मागे फिरता येत नव्हतं त्या खेळात.
अंतराळ ढकलत न्यायचं. भिंतीला टेकलास की मेलास.
आलो गं अक्का, हा एवढा मरू दे.

चाचा ते मशीन रात्रीही बंद करत नसत.
परत उठेल याचा भरवसा नाही, म्हणत.

बोर्ड बाहेर काढला. चार कपॅसिटर, एक तडकलेला ट्रॅक,
चिपांवरचे नंबर खरवडलेले.
बूटलेग! धात्रकचा चेहरा उतरला.
असू दे डिकरा, बिलिमोरिया म्हणाले,
अस्सल इकडे आलं कधी?
पोरं तर ह्याच्यावरच मोठी झाली.

वीज देण्याआधी फडक्याने काच पुसली
आणि बंद पडद्यावरच ते दिसलं.
जे जे हललं होतं त्याचा मागमूस नाही,
विमानाचा नाही, गोळ्यांचा नाही,
हेडमास्तरांचासुद्धा नाही.
फक्त वरची पट्टी जळून बसलेली,
जी एकदाही हलली नव्हती:
चार लाख सतरा हजार तीनशे.
पुढे तीन अक्षरं. ए. के. ए.

ट्यूब गेली, धात्रक म्हणाला. बदलू.
मालेगावात एका टीव्हीवाल्याकडे कोरी पडून आहे.
जुनी मला द्या, मी म्हटलं. मजुरी नको.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
गोळा करणाऱ्यांना संशय पटकन येतो.

रात्री हेरंबला फोन लावला.
ओझरला असतो, खऱ्या विमानांचे पंख तपासतो.
कुठलं मशीन? हां हां, चाचांचं.
नाव? काय ठाऊक बुवा,
घाईत जे आलं ते दाबलं असेल.
तू शुगर तपासलीस का?
तपासते, म्हटलं.

ट्यूब आता शिलाई मशीनवर आहे,
मानेला चिंधी गुंडाळून ठेवलीय, धक्का लागू नये म्हणून.
सून विचारते, हे भंगार कधी द्यायचं?

घाईत येतं ते नुसतं ए.
ए वरून के वर जायला
दांडी दहा वेळा ढकलावी लागते,
आणि तिसऱ्या अक्षरासाठी
दहा वेळा मागे.
तेवढ्या एका ठिकाणी
मागे जाता येत होतं.
वर सेकंद उलटे पळत असणार, वीस, एकोणीस,
आणि मी पायरीवरून ओरडत असणार,
भात निवतोय रे, भात निवतोय.