सूत

रेवती सहावीत असताना रविवार कारंजावरून आणलेला पृथ्वीगोल,
आठ इंची, आस जरा ढिली.
सुलभाच्या मशीनवरनं निळा दोरा घेतला,
एक टोक नाशिकवर धरलं.
नाशिक त्यावर छापलेलंच नाही,
मुंबईच्या थोडं वर पोरीनं कधीतरी नखानं खूण केलेली.
दुसरं टोक व्हँकुव्हरवर.
आणि ताणला.

दोरा युरोपकडे वळला नाही, चीनकडेही नाही,
सरळ वर चढला,
रशियाच्या डोक्यावरून, गोठलेल्या समुद्रावर,
ध्रुवाला खांदा घासून पलीकडे उतरला.
फुटपट्टीवर ठेवला :
सात इंच, पाच सूत.

छत्तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
पंखांच्या पत्र्यांना रिव्हेट मारले.
केसाएवढी फट राहिली तरी
कुलथेसाहेब खडूनं फुली मारायचे.
मी जोडलेलं उडालं. मी दारातून बघितलं.

लग्नपत्रिकेच्या पाकिटावर गुणाकार केला :
बारा हजार एकशे चाळीस किलोमीटर.
ताशी नऊशे धरले तर साडेतेरा तास.
आणि दोन्हीकडच्या घड्याळांतलं अंतर,
हिवाळ्यात, तेही साडेतेराच.
म्हणजे ओझरच्या धावपट्टीवरून
मंगळवारी सकाळी सातला सुटली
तर तिथे उतरेल
मंगळवारी, सकाळी सातला.
वाटेत वेळ लागलाच नाही.
मी दोनदा ताळा केला.

"सुतावरून स्वर्ग," सुलभा म्हणाली,
"असं विमान आहे का पण?"

नाही.
आहे ते असं : म्हसरूळहून रात्री टॅक्सी,
कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागं ट्रक,
मुंबईत तीन तास आधी हजर,
दिल्लीत पाच तास बाकड्यावर,
मग ते लांबचं, मग शिक्क्याची रांग.
एकतीस तास.
त्यातले साडेतेरा आकाशाचे म्हणू,
उरलेले साडेसतरा
कुठल्या पट्टीनं मोजायचे
ते आम्हाला कारखान्यात शिकवलं नाही.

रेवती बॅगेवर बसून चेन ओढतेय.
तेवीस किलोची परवानगी, काटा चोवीसच्या पुढं.
मेतकुटाच्या पिशवीचं तोंड उघडं राहिलेलं.
सुलभानं माझ्या हातातला दोरा घेतला,
दोन वेढे, एक गाठ,
उरलेलं टोक दातानं तोडलं.

"अगं, ते माप होतं."

"मग? जातंयच की तिकडं."

आता वाद शालीवरून चाललाय.
आई म्हणते राहू दे, लेक म्हणते तिथे मिळते.
वर ओझरचं एक विमान चाचणीला निघून गेलं,
आवाज मागून आला, नेहमीसारखा.
मी काट्यावर वाकून उभा.
शाल काढली.
अजून सहाशे ग्रॅम जास्त आहे.