सी-चौदा

सहा दिवस निलोफर माझ्यासमोर स्टुलावर बसून
माझं डोकं रिकामं करत होती.
हिंगाचे डबे कुठं?
मोरीच्या भिंतीला. त्या वासाला उंदीर फिरकत नाहीत.
सुपारी?
माळ्याखाली. तिसऱ्या खांबापासून डावा हात लांब केला की लागते.
‘हात लांब केला की’ असा रकाना नाहीये, हरचेकरकाका,
ती म्हणाली, आणि खांबाचा बी-सात झाला.

दारूखान्यातल्या या गोदामात एकतीस वर्षं
माझ्या चपला हाच नकाशा.
आता फळीफळीवर काळ्या रेघांची चिठ्ठी,
लाल उजेड दाखवला की टीं म्हणते.
ज्योतीरामनं पहिल्या दिवशी यंत्र कानाला लावलं:
हॅलो, कोन बोलतंय?
सगळी टोळी पोत्यांवर लोळून हसली.
पहिलं पोतं वाचलंही त्यानंच.

खोटं कशाला बोलू, फायदा झाला.
आम्ही दाराजवळचं उचलायचो,
मागचं मागेच म्हातारं व्हायचं.
आता पडद्यावर येतं: जे आधी आलं, ते आधी बाहेर.
वेलचीची एकवीस खोकी निघाली आतून,
माझ्या अक्षरात, माझ्या वहीत, कधीच बुडीत मांडलेली.
मी चष्मा पुसत राहिलो.
कोणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.
टेम्पोवाला शिवपूजन माल चढेपर्यंत दोन झोपा काढायचा,
आता चहा निवायच्या आत वाशीची पावती हातात.
पेला घेऊनच निघतो. उद्या आणून देतो.

घरी मात्र परवा किल्ली कुठं ठेवली ते आठवेना.
बायको म्हणाली, त्या पोरीला फोन करा.

तर सी-चौदा.
यंत्राला ती जागा रिकामी दिसायची,
आणि रिकामं त्याला बघवत नाही.
काजूची चाळीस खोकी: सी-चौदा.
मी म्हटलं, तिथं नाही.
पडदा लाल. पुन्हा सी-चौदा.
अंधेरीहून शेठचा नातू फोनवर:
काका, सिस्टिम सांगतेय ना, ठेवा.
खाली फरशीवर माझी खडूची फुली होती, दर दिवाळीला नव्यानं काढलेली.
खडू यंत्राला वाचता येत नाही.

ठेवली.

पौर्णिमेला दुपारी, उधाणाच्या वेळेला, निलोफरला हाक मारली.
ऊन कडक, पत्रा तापलेला, पावसाचा थेंब नाही,
आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखं, आधी एक बोट, मग दुसरं.
खालच्या खोक्याचा पुठ्ठा काळा पडत चालला.
ती गुडघ्यावर बसली, बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
खारट, म्हणाली. इथं? आत?
मी म्हटलं, रस्त्यापलीकडे गोदी, गोदीपलीकडे तो. भिंत आपण बांधली, त्याला कोणी कळवलं नाही.

ज्योतीराम आणि टोळीनं चाळीसही खोकी उचलली, टीं टीं टीं,
दोन भिजली, ती शेठच्या नातवाला फोटोत दाखवली.
मग ती जागा बंद करायची ठरली.
बंद करायला कारण लागतं.
यादीत होतं: फळी तुटली, उंदीर, रंगकाम, इतर.
तिनं ‘इतर’ दाबलं.
पुढच्या चौकटीत वीसच अक्षरं मावत होती.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मी तिच्याकडे.
तिनं लिहिलं: समुद्र येतो.

दर सोमवारी आता अंधेरीला अहवाल जातो,
माल, वजन, कुठं, किती दिवस,
आणि तळाशी ही एक ओळ.
अजून कुणी विचारलेलं नाही.

फक्त शेवटचा रकाना अडला होता त्या दिवशी:
कधीपासून?
मी आलो तेव्हा फुली होतीच.
ती काढणारे तांडेलमुकादमही सांगायचे,
मी आलो तेव्हा होतीच.
तारखेशिवाय पान पुढे सरकेना.
निलोफरनं आजची टाकली.